सहावे बोट आणि 'प्रभावी' गुणांची यादी

आनुवंशिकतेचा पाठ मेंडेलच्या वाटाण्यांपासून सुरू होतो आणि दोन-तीन पाने उलटली की एक चौकट येते : 'माणसातील काही प्रभावी व अप्रभावी गुण'. चौकटीत दोन रकाने असतात. एका रकान्यात जीभ वळवता येणे, कानाची पाळी मोकळी असणे, गालाला खळी पडणे, हाताची बोटे आखूड असणे, हातापायांना जास्तीचे बोट असणे वगैरे 'प्रभावी' गुण आणि समोरच्या रकान्यात त्यांच्या उलट बाजू. पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, प्रयोगशाळेच्या भिंतीवरचे तक्ते अशी सगळीकडे ही यादी थोड्याफार फरकाने आढळते. ती मराठीत जन्मलेली नाही. इंग्रजी पुस्तकांतून ती आली आणि एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत राहिली. उतरवताना ती पुन्हा तपासण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत.

यादीतल्या काही नोंदी तर सरळ काढूनच टाकाव्यात अशा आहेत. जीभ वळवता येणे हा एका जनुकाचा प्रभावी गुण असावा, असे स्टर्टेव्हंट या नामवंत शास्त्रज्ञाने 1940 साली सुचवले. 1952 साली समरूप जुळ्यांची पाहणी झाली, तेव्हा काही जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही, असे दिसले. दोघांची जनुके तीच असताना हा फरक पडतो, म्हणजे हा मामला एका जनुकाचा नाही. स्टर्टेव्हंटनी पुढे आपले मत मागेही घेतले. यादीने मात्र घेतले नाही. कानाच्या पाळीची कथाही फारशी वेगळी नाही. या नोंदींवर आम्ही अधिक शब्द खर्च करत नाही.

बोटांच्या दोन नोंदींचे तसे नाही. त्या खोट्या नाहीत. त्यांच्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचे काम आहे आणि माणसाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तोच बोटांपासून. म्हणूनच आमची तक्रार अधिक तीव्र आहे. जीभ वळवण्याबद्दल चुकीचे शिकवले तर कोणाचे फारसे बिघडत नाही. बोटांबद्दल अर्धे शिकवले तर वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाचे आणि त्याच्या आईचे बिघडू शकते.

'प्रभावी' म्हणजे पसरणारा नव्हे

मेंडेलचा विसरला गेलेला निबंध 1900 साली पुन्हा उजेडात आला. वाटाण्याचे नियम माणसाला लागू पडतात का, हा प्रश्न लगेचच उभा राहिला. हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम फॅरबी या मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातले एक कुटुंब निवडले. या कुटुंबातील कित्येकांची बोटे आखूड होती. आपल्या बोटात तीन पेरे असतात. यांच्या बोटांतले मधले पेर अगदी लहान राहिलेले किंवा टोकाच्या पेराला जोडलेले होते, त्यामुळे बोट दोनच पेरांचे दिसे. ही माणसे उंचीनेही कमी होती. फॅरबीने पाच पिढ्यांची वंशावळ मांडली. आखूड बोटांच्या व्यक्तीने साध्या बोटांच्या व्यक्तीशी लग्न केले, की त्यांच्या मुलांपैकी जवळपास निम्मी आखूड बोटांची निघत. त्याच घराण्यातल्या साध्या बोटांच्या भावंडांना मात्र सगळी मुले साध्या बोटांचीच होत. ही मेंडेलच्या प्रभावी गुणाची नेमकी चाल. हे काम 1905 साली प्रसिद्ध झाले. प्रभावी गुण माणसात मेंडेलच्या नियमाने उतरतो, याचा हा पहिला स्पष्ट पुरावा मानला जातो.

शिक्षकांच्या शिबिरांत आम्हांला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : "आखूड बोटे जर प्रभावी, तर बहुतेकांची बोटे लांब कशी? जास्तीचे बोट जर प्रभावी, तर सगळ्यांना सहा बोटे का नाहीत?" प्रश्न विचारणारे शिक्षक थोडे संकोचून विचारतात. संकोचाचे काहीच कारण नाही, कारण अगदी याच प्रश्नातून आनुवंशिकतेच्या गणिताची एक शाखा उभी राहिली.

1908 च्या फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट यांनी मेंडेलचे नियम आणि रोग या विषयावर व्याख्यान दिले. वाटाण्याच्या संकराचा चौकटींचा तक्ता आपण फळ्यावर काढतो, तो यांच्याच नावाने ओळखला जातो. व्याख्यानात आखूड बोटांचा उल्लेख आला आणि चर्चेत संख्याशास्त्रज्ञ उडनी युल यांनी मुद्दा काढला. पनेट यांना तो असा समजला, की हा गुण प्रभावी असेल तर कालांतराने दर चार माणसांत तीन आखूड बोटांची दिसायला हवीत. (युल यांना नेमके असेच म्हणायचे नव्हते, असे पुढे अभ्यासकांनी दाखवले आहे.) पनेट यांना उत्तर सुचेना. त्यांनी प्रश्न आपल्या क्रिकेटच्या दोस्ताकडे नेला. हा दोस्त म्हणजे गणिती जी. एच. हार्डी. रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे म्हणून आपल्याकडे हे नाव परिचित आहे. हार्डींनी 'सायन्स' साप्ताहिकाला एक छोटे पत्र पाठवले. ते जुलै 1908 मध्ये छापून आले. इतका साधा मुद्दा जीवशास्त्रज्ञांना आधीच ठाऊक असायला हवा होता, असा सूर त्यांनी सुरुवातीलाच लावला आहे. त्याच वर्षी जर्मनीत व्हिल्हेल्म वाइनबर्ग या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे हेच सांगितले होते. बारावीच्या पुस्तकात जो हार्डी-वाइनबर्ग नियम येतो तो हाच. पण तो बोटांच्या प्रश्नावरचे उत्तर आहे, हे पुस्तक सांगत नाही.

हार्डींचे उदाहरण फळ्यावर पाच मिनिटांत करता येते. आपण आकडे तेच घेऊ आणि मांडणी थोडी सोपी करू. एका गावात 10,001 माणसे आहेत. त्यांतल्या एकाकडे 'आखूड बोट' या रूपाच्या दोन्ही प्रती आहेत. बाकी 10,000 जणांकडे ती एकही नाही. म्हणजे गावातल्या एकूण 20,002 प्रतींपैकी 2 आखूड बोटांच्या. लग्ने बोटे न पाहता होतात आणि लोकसंख्या तितकीच राहते, असे समजू. पुढच्या पिढीत काय होईल? या 2 प्रती आता एका माणसात राहणार नाहीत, त्या दोन वेगवेगळ्या माणसांत जातील. एक प्रत पुरत असल्यामुळे दोघांचीही बोटे आखूड असतील. म्हणजे संख्या दुप्पट झाली, दहा हजारांत एकाची दोन! आता तिसऱ्या पिढीत चार होतील असे मुलांना वाटते. पण प्रती मुळात दोनच आहेत. त्या आधीच सुट्या झाल्या आहेत. आणखी सुट्या होण्यासारखे काही उरलेले नाही. सरासरीने संख्या दोनच राहते. हार्डींनी तिथे 2 : 10,000 हेच प्रमाण काढले आणि त्यापुढे वाढण्याचे काही कारण नाही हे दाखवून दिले.

थोडक्यात, एकाच माणसात दोन वेगळी रूपे एकत्र आली की त्या माणसाच्या शरीरात कोणते दिसते, इतकेच 'प्रभावी' हा शब्द सांगतो. ते रूप समाजात किती आहे, किती वाढेल, ते चांगले की वाईट, यातले काहीही तो सांगत नाही. मराठी शब्दाचाही यात थोडा दोष आहे. प्रभावी वक्ता, प्रभावी औषध, प्रभावी नेता असे शब्द कानावर असलेल्या मुलाला प्रभावी जनुक म्हणजे दुसऱ्याला हटवणारे, जोरकस जनुक वाटले तर नवल नाही. शब्द बदलावा असे आमचे म्हणणे नाही, तो आता रुळला आहे. पण शब्द शिकवला त्याच तासाला हे गणितही करून घ्यावे.

बोट तेच, वाट वेगळी

हार्डींचे गणित मोठ्या लोकसंख्येचे आहे. लहान आणि आपसातच लग्ने करणाऱ्या समाजात चित्र बदलते आणि तिथेच यादीतली दुसरी नोंद कोलमडते.

पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टर परगण्यात आमिश नावाचा एक धार्मिक समाज राहतो. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात युरोपातून आले. संख्येने ते थोडे होते आणि पुढच्या पिढ्यांची लग्ने समाजातच होत राहिली. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे व्हिक्टर मक्‌क्युसिक यांनी 1964 साली या समाजातील एका विकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांच्या हाताला करंगळीच्या बाजूला जास्तीचे बोट असते, हातपाय आखूड असतात, नखे नीट वाढत नाहीत आणि अनेकांच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा अपुरा असतो. एलिस आणि व्हान क्रेव्हेल्ड या डॉक्टरांनी 1940 मध्ये त्याचे वर्णन केले होते, म्हणून विकाराला त्यांचीच नावे आहेत. तोवर जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात मिळून या विकाराचे जितके रुग्ण नोंदले गेले होते, जवळजवळ तितके मक्‌क्युसिक यांना या एका समाजात आढळले. वंशावळी मागे नेत गेल्यावर सगळ्यांचे धागे 1744 मध्ये आलेल्या एका जोडप्याशी जुळले.

या मुलांच्या आईवडिलांची बोटे मात्र पाच-पाचच असतात. दोघांकडेही बदललेल्या जनुकाची एकेक प्रत असते. मुलाला दोन्ही मिळाल्या तरच विकार दिसतो. म्हणजे इथे जास्तीचे बोट अप्रभावी आहे! आपल्या यादीप्रमाणे उत्तर लिहिणारा विद्यार्थी इथे साफ चुकेल, आणि यादीवर विसंबून पालकांशी बोलणारे शिक्षकही.

जास्तीचे बोट हे एका गुणाचे नाव नाही. ते हातावरचे एक दृश्य आहे आणि तिथे पोचण्याच्या वाटा अनेक आहेत. 1997 मध्ये भारतातील एका मोठ्या कुटुंबात करंगळीकडील जास्तीच्या बोटाचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील जीएलआय-3 या जनुकात सापडले. तिथे ते प्रभावी आहे. याच जनुकातल्या वेगळ्या बदलांनी वेगळे विकार होतात, त्यांपैकी काहींत डोक्याचा आकारही बदलतो. अशा काही घराण्यांत आजोबांना जास्तीचे बोट असते, वडिलांना नसते आणि नातवाला पुन्हा असते. वडिलांकडे बदललेली प्रत आहे, फक्त ती दिसलेली नाही. प्रभावी गुण पिढी ओलांडत नाही, असे ठणकावून सांगणारी वाक्ये पुस्तकांत असतात. ती वाटाण्यापुरती ठेवावीत. शिवाय कधी कधी घराण्यात कोणालाच नसताना एखाद्या बाळात उत्परिवर्तन नव्याने होते.

आणखी एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. हाताची मधली बोटे चिकटलेली आणि त्यांच्यात एक जास्तीचे बोट दडलेले, असा एक विकार आहे. 1996 मध्ये त्याचे जनुक सापडले, हॉक्स-डी-13. त्यात बदललेली एक प्रत असली तर बोटे अशी चिकटलेली दिसतात. पण आईवडील दोघेही असेच असले आणि मुलाला दोन्ही प्रती बदललेल्या मिळाल्या, तर त्या मुलाच्या हातापायांची रचना कितीतरी अधिक बिघडते. मेंडेलच्या उंच वाटाण्यात एक प्रत असो वा दोन, झाड तितकेच उंच होते. इथे तसे होत नाही. पहिला गुण 'प्रभावी' या रकान्यात टाकला की हा फरक दिसेनासा होतो.

मग बोट येते कुठून? गर्भ चार आठवड्यांचा होतो तेव्हा हाताच्या जागी एक लहानसा उंचवटा उगवतो. सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे वल्ह्यासारखे चपटे पान होते. आठव्या आठवड्याच्या अखेरीस पानात बोटे सुटी झालेली असतात, आणि ती सुटी होतात ती मधल्या जागेतल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरून गेल्यामुळे. त्या पेशी मेल्या नाहीत तर बोटे चिकटलेली राहतात. अंगठा कोणत्या बाजूला आणि करंगळी कोणत्या, हे ठरवणारे पेशींचे एक ठाणे करंगळीच्या कडेला असते. 1968 मध्ये साँडर्स आणि गॅसेलिंग यांनी कोंबडीच्या गर्भातले असे ठाणे काढून पंखाच्या विरुद्ध कडेला बसवले, तर आरशात पाहावे तशी बोटांची दुसरी रांग उगवली. या ठाण्यातून स्रवणारे प्रथिन 1993 मध्ये सापडले : सॉनिक हेजहॉग.

नाव विचित्र आहे, त्याची गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. हेजहॉग हा अंगभर काटे असलेला लहानसा प्राणी. फळमाशीतले एक जनुक बिघडले की तिची अळी तशी काटेरी दिसते, म्हणून जनुकाला ते नाव पडले. पृष्ठवंशीय प्राण्यांत त्याची भावंडे सापडली. एकाला व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून 'सॉनिक' म्हटले गेले, दुसऱ्याला भारतात आढळणाऱ्या जातीवरून 'इंडियन'. फॅरबीच्या आखूड बोटांचे कारण या इंडियन हेजहॉग जनुकात निघाले. हे जनुक वाढत्या हाडातील कूर्चेच्या पेशींवर ताबा ठेवते. 2001 मध्ये चीनमधील कुटुंबांत हा शोध लागला आणि 2005 मध्ये फॅरबीच्याच कुटुंबातील वंशजांत त्या जनुकातला बदल दाखवला गेला. वंशावळ छापल्यावर बरोबर शंभर वर्षांनी!

अंगठ्याच्या बाजूला येणाऱ्या जास्तीच्या बोटाची कथा आम्हांला याहूनही विलक्षण वाटते. तिथे सॉनिक हेजहॉग जनुक शाबूत असते. बिघाड असतो तो त्याच्या बटणात. हातापायाच्या कोंबात हे जनुक कुठे चालू करायचे हे ठरवणारा डीएनएचा तुकडा जनुकापासून सुमारे 10 लाख अक्षरे दूर, भलत्याच एका जनुकाच्या पोटात आहे, असे 2003 मध्ये दाखवण्यात आले. या तुकड्यातले एक अक्षर बदलले तरी प्रथिन अंगठ्याच्या कडेलाही स्रवू लागते आणि तिथे बोट फुटते. अमेरिकेतील की वेस्ट येथे लेखक हेमिंग्वे यांच्या घरात जास्तीच्या बोटांची मांजरे आहेत. 2008 मध्ये त्यांच्यातही याच तुकड्यात बदल आढळला. माणूस आणि मांजर यांत बटण एकच.

सहाव्या बोटाचे म्हणून एक जनुक नसते, हे यावरून कळते. असते ती हात घडवणारी यंत्रणा, आणि तिच्यात अनेक ठिकाणी फरक पडू शकतो. ही यंत्रणा चौकटीतल्या एका ओळीत कशी मावणार?

ग्रहण, औषध आणि घराणे

बोटांतला प्रत्येक फरक जनुकातून येतो असेही नाही, आणि यादी वाचून तसा समज होतो. गर्भाभोवतीच्या पिशवीचे फाटलेले तंतू बोटांना गुंडाळले गेले, तर बोटे चिकटतात किंवा तुटतात. असे एका भावंडात झाले तरी दुसऱ्यात होण्याचे कारण नसते. 1957 ते 1961 या काळात युरोपात व इतरत्र थॅलिडोमाइड हे औषध गरोदर स्त्रियांनी घेतले आणि हजारो मुले हातापायांत गंभीर व्यंग घेऊन जन्माला आली. गर्भधारणेनंतरच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात घेतलेले औषध घातक ठरले. जनुके मात्र जशीच्या तशी होती. गंमत अशी, की औषधाचा संबंध नसताना जनुकातील बदलामुळे तशीच व्यंगे असलेली माणसेही आहेत; त्यांच्यात एसएएलएल-4 हे जनुक बिघडलेले असते. थॅलिडोमाइड गर्भातले नेमके त्याच जनुकाचे प्रथिन नष्ट करते, हे 2018 मध्ये समजले. औषध आणि उत्परिवर्तन दोघांनी घाव घातला तो एकाच ठिकाणी. नुसता हात पाहून कारण सांगता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

आपल्याकडे कारण सांगायची घाई फार असते. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरले, कापले, शिवले, तर बाळाच्या अवयवात व्यंग येते हा समज महाराष्ट्रात अजून घरोघर आहे. सुशिक्षित घरांतही सून ग्रहणाच्या वेळी खोलीत गप्प बसून राहते आणि बाळाची बोटे चिकटलेली निघाली की तिने काय केले होते याची उजळणी होते. शिक्षकांनी इथे एवढेच विचारावे : ग्रहण कितव्या महिन्यात होते? बोटे सुटी होण्याचे काम आठव्या आठवड्याच्या अखेरीस आटोपलेले असते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाला त्यात हात घालायला जागाच नाही. आणि दुसऱ्या महिन्यात ग्रहण होते असे निघाले, तर त्याच सुमारास गरोदर असलेल्या लाखो बायकांची मुले पाहावीत.

अंधश्रद्धा खोडताना यादी हाताशी घेणे मात्र धोक्याचे आहे. "ग्रहण वगैरे काही नाही, हे आनुवंशिक आहे आणि प्रभावी आहे," असे सांगितले की ऐकणारे लगेच विचारतात, "म्हणजे कोणाकडून आले?" सासरकडे कोणाला नाही, माहेरकडे कोणाला नाही. मग संशय आईवर. ग्रहणाची जागा घराण्याने घेतली, आरोपी तीच राहिली. जास्तीचे बोट कधी अप्रभावी असते, कधी पिढी ओलांडते, कधी नव्याने उद्भवते, कधी त्याचा आनुवंशिकतेशी संबंधच नसतो, ही माहिती म्हणूनच केवळ जादा तपशील म्हणून सोडून देता येत नाही.

याच कारणासाठी 'आपल्या कुटुंबातील गुणांचा तक्ता भरा' हा उपक्रम आम्हांला मान्य नाही. हौशी शिक्षक तो उत्साहाने देतात, हे आम्ही जाणतो. पण यादीतले निम्मे गुण एका जनुकाचे नाहीत. अशा तक्त्यावरून "आईवडील दोघांत नाही आणि तुझ्यात आहे, हे कसे?" असा प्रश्न वर्गात उभा राहतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर 'यादी चुकीची आहे' हे असते. दत्तक मुले, आई किंवा वडील नसलेली मुले यांचा तर विचारच वेगळा.

एका गोष्टीकडे मात्र शिक्षकांनी लक्ष द्यावे. जास्तीचे बोट असलेली बहुतेक मुले पूर्ण निरोगी असतात. त्यांच्याकडे रोगी म्हणून पाहणे हा अन्याय होईल. पण बार्डे-बीडल नावाचा एक विरळ विकार आहे. त्यात करंगळीच्या बाजूला जास्तीचे बोट असते, लहानपणापासून वजन फार वाढते आणि डोळ्यातला पडदा हळूहळू निकामी होतो. सुरुवात होते ती शाळेच्या वयातच. मूल संध्याकाळी अडखळते, अंधाऱ्या खोलीत चाचपडते, पुढे फळ्यावरचेही दिसेनासे होते. मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. जास्तीचे बोट तान्हेपणीच काढलेले असते, हातावर एक बारीकसा व्रण तेवढा उरतो. अशा मुलाला आळशी, धांदरट म्हणून रागावले जाते. व्रण, वजन आणि संध्याकाळची नजर या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर पालकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणि तिथून पुढे आनुवंशिकीच्या तज्ज्ञाकडे जायला सांगावे. हा विकार अप्रभावी आहे. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत आहे. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या जनुकांपैकी सरासरी एक अष्टमांश एकाच पूर्वजांकडून आलेली असतात, त्यामुळे एकच बदललेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. यादी वाचून असे वाटेल, की आईवडिलांना बोट नाही म्हणजे काळजीचे कारण नाही.

यादीच्या जागी काय द्यावे? आमची सूचना दोन जुन्या उदाहरणांची आहे. पहिले बर्लिनचे. अठराव्या शतकाच्या मध्याला, मेंडेलच्या आधी शंभर वर्षे, मोपर्त्वी या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिथल्या याकोब रूहे नावाच्या शल्यवैद्याचे कुटुंब अभ्यासले. रूहेला, त्याच्या आईला आणि आजीला जास्तीची बोटे होती. त्याच्या सहा मुलांपैकी दोघांनाही होती. हा योगायोग असेल का? मोपर्त्वीने हिशोब केला. अशी माणसे 20,000 मागे एक असावीत असे त्याने मोजणीवरून धरले. मग निव्वळ योगायोगाने हे एका घरात तीनदा घडण्याची शक्यता 20,000 × 20,000 × 20,000, म्हणजे 8 लाख कोटींत एक! गुण आईकडून येतो तसा बापाकडूनही पुढे जातो, हेही त्याने पाहिले. सगळे मूल आधीच अंड्यात किंवा शुक्राणूत तयार असते, असे मानणाऱ्या तेव्हाच्या विद्वानांना याचे उत्तर देणे कठीण होते. आठवीच्या मुलांना हा गुणाकार येतो. 20,000 हा आकडा चुकला असला, समजा 1,000 मागे एक असला, तर निष्कर्ष बदलतो का, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

दुसरे उदाहरण फॅरबीच्या वंशावळीचे. पाच पिढ्यांची तशी वंशावळ फळ्यावर काढावी, आखूड बोटांच्या व्यक्ती भरीव चिन्हाने आणि बाकीच्या पोकळ चिन्हाने दाखवाव्यात. मुलांना 'प्रभावी' हा शब्द आधी सांगू नये. भरीव व्यक्तींच्या मुलांत भरीव किती आणि पोकळ किती, हे मोजायला लावावे. पोकळ भावंडांच्या वंशात भरीव चिन्ह एकदाही का येत नाही, हे विचारावे. शेवटी थोडा अवघड प्रश्न ठेवावा : या सगळ्या भरीव व्यक्तींपैकी दोन्ही प्रती बदललेली एखादी असेल का? त्यासाठी तिचे आईवडील कसे असायला हवे होते, आणि तसे लग्न या वंशावळीत कुठे दिसते का?